टाळ्यांचे बटण

६ सप्टेंबर, रविवार

ही वही मुळात मी इमारतीतील रहिवाशांच्या मुखपट्ट्यांच्या नोंदींसाठी सुरू केली होती. पहिली चार पाने त्याच कामी खर्ची पडली आहेत. तळमजल्यावरचे दंतवैद्य: नाक उघडे, तीन वेळा. दूधवाला: मुखपट्टी हनुवटीखाली, रोज. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई: मुखपट्टी उत्तम बांधतात, पण बोलायचे झाले की खाली ओढतात, म्हणजे ती ज्या क्षणासाठी असते, नेमक्या त्याच क्षणी ती तेथे नसते. आज सौ.ने वही पाहिली आणि म्हणाली, "अहो, लोकांचं पुरे झालं. आता स्वतःचंही काही लिहा." सूचना रास्त वाटल्याने आजपासून ही दैनंदिनी.

महामारीला सहा महिने झाले. एकेचाळीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक, त्यांतील शेवटची अकरा वर्षे मुख्य मुद्रितशोधक, अशी माझी नोकरी झालेली असल्याने घरी बसून दोष दिसणे थांबत नाही. आरोग्य खात्याने इमारतीच्या दारावर लावलेल्या सूचनापत्रात सात चुका होत्या. मी त्या लाल शाईने दुरुस्त केल्या. पंधरवड्याने नवे सूचनापत्र लागले. त्यात पाच होत्या. प्रगती आहे.

सायंकाळी सौ. स्वयंपाकघरातून चिरंजीवांशी फोनवर बोलत होती. दार लोटलेले होते. तरी शब्द स्पष्ट आले. "त्यांना घेऊन जा रे बाबा. नाहीतर मीच कुठेतरी विलगीकरणात जाते. चौदा दिवस कुणी बोलायचं नाही, जेवण दाराशी. माहेरीसुद्धा एवढं सुख नव्हतं."

मी विचारले, कोणाला घेऊन जायचे आहे? ती म्हणाली, "तुम्हाला. त्याला मैदानावर एका काटेकोर माणसाची फार गरज आहे."

चिरंजीवांना हे उशिरा सुचले, पण सुचले. मी होकार दिला.

९ सप्टेंबर, बुधवार

चिरंजीव फुटबॉलचे प्रशिक्षक आहेत. दहा वर्षांपूर्वी विमा कंपनीतील कायमची नोकरी सोडून त्यांनी हे पत्करले. मी आजवर एकही सामना पाहिलेला नाही. ज्या खेळात बावीस जण वाद घालतात आणि निकाल देणारा कारण न सांगता केवळ शिट्टी वाजवतो, त्यात माझ्यासारख्याने काय पाहावे?

मैदान डाकघराच्या मागे आहे. सामने सुरू झाले आहेत, पण प्रेक्षकांना मज्जाव. खेळाडूंचे म्हणणे असे की रिकाम्या मैदानात खेळताना परीक्षेला बसल्यासारखे वाटते. म्हणून प्रेक्षकांचा आवाज आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे आणि तो प्रसंग पाहून भोंग्यांवरून सोडायचा असतो. लोक सामना घरी मोबाइलवर पाहतात. त्यांनाही तोच आवाज ऐकू जातो. हे काम आजवर वायरमन करीत असे. आता त्याला कॅमेरा सांभाळायचा आहे आणि नियमाप्रमाणे वरच्या काचेच्या खोलीत एकच माणूस बसू शकतो. तो माणूस मी.

यंत्रावर सहा बटणे आहेत: कुजबुज, टाळ्या, जल्लोष, हळहळ, हुर्यो आणि सहावे, लाल, ध्वनिक्षेपकाचे. त्यावरून बदली खेळाडूची घोषणा करायची. वायरमनने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. सहांपैकी चार अशुद्ध. त्या बदलण्यात चाळीस मिनिटे गेली.

"काका, बटणं दाबायची आहेत, छापायची नाहीत," तो जिन्यातून म्हणाला. त्याचे नाक उघडे होते. मी नोंद केली.

त्याच्याकडूनच कळले की तीन सामने उरले आहेत आणि आपला संघ तळापासून दुसरा आहे. त्या जागेवरून वर सरकला नाही, तर खालच्या श्रेणीत जाईल. "आणि मग तुमच्या मुलाची सुट्टी. अध्यक्षांनी तोंडावर सांगितलंय त्याला."

मला हे चिरंजीवांनी सांगितले नव्हते. ते संघासह वसतिगृहात विलगीकरणात असल्याने भेट दुरूनच झाली. त्यांनी मैदानाच्या पलीकडून हात वर केला. मीही केला. वाळल्यासारखे दिसले. मुखपट्टीमुळे तसे भासत असावे.

१२ सप्टेंबर, शनिवार

पहिला सामना. मुखपट्टी नियमानुसार नाकाच्या वरपर्यंत बांधली. परिणामी श्वासाची वाफ चष्म्यावर जमली आणि पहिल्या पाच मिनिटांतच समोर नुसते धुके उरले. जो मनुष्य नियम पाळतो त्यालाच काही दिसू नये, ही रचना सदोष आहे. परंतु नियम तो नियम. मी कानांवर विसंबलो.

चोविसाव्या मिनिटाला मोठा गलका झाला. मी तत्परतेने जल्लोष दाबला आणि उदारपणे दाबून ठेवला.

वायरमनचा फोन आला. "काका! गोल त्यांनी केलाय! आपल्यावर झालाय!"

मी लगेच बटण बदलले. घाईत हळहळीऐवजी हुर्यो लागली. त्या क्षणी आपला गोलरक्षक जाळ्यातून चेंडू काढीत होता असे कळले. त्याला सारे 'खांब' म्हणतात. उंचीमुळे की हालचालीमुळे, हे स्पष्ट झाले नाही.

सामना एक-एक असा सुटला. आपला गोल झाला तेव्हा मी कुजबुज दिली, कारण खात्री नव्हती.

घरी सौ.ने सामना मोबाइलवर पाहिला होता. "छान झालं," ती म्हणाली. डोळे पुसत होती. हसून पाणी आले होते, असे तिने स्वतःच सांगितले.

१३ सप्टेंबर, रविवार

वायरमनने उपाय सांगितला: मुखपट्टीची वरची कड नाकावर चिकटपट्टीने बसवावी. आरशासमोर करून पाहिले. वाफ वर येत नाही. सर्व काही लख्ख दिसते. बोलताना मात्र नाकाची कातडी ओढली जाते.

सौ. म्हणाली, "मग बोलू नका. दोन फायदे."

१९ सप्टेंबर, शनिवार

आज दिसले, म्हणून आज न्याय करता आला.

पाहुण्या संघाने उत्तरार्धात एक चाल रचली. चौदा वेळा चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि त्यांत एकही देवाणघेवाण वाढीव नव्हती. असे वाक्य मी छापखान्यात क्वचितच पाहिले. मी टाळ्या दिल्या. पाहुण्यांच्या प्रशिक्षकाने भोंग्याकडे वळून पाहिले व टोपी काढली.

बरोबरी होती. वीस मिनिटे उरली असता आपला सात क्रमांकाचा गडी कोणीही स्पर्श केलेला नसताना कोसळला आणि पोटरी धरून लोळू लागला. मी दुर्बिणीतून पाहिले. पोटरी निर्दोष होती. दोन मिनिटांनी पुन्हा कोसळला, आणि या वेळी दुसरी पोटरी धरली. मी हुर्यो दाबली. हजारो कंठांची हुर्यो रिकाम्या मैदानात घुमली. पंच पोट धरून हसले. सात क्रमांक ताडकन उठला. त्यानंतर आपल्या संघाचे पाय जड झाले आणि पाच मिनिटांत पाहुण्यांनी गोल केला. उत्तम गोल होता. जल्लोष दिला.

नंतर मी बदलीची घोषणा केली: "क्रमांक अकरा यांच्या जागी क्रमांक सतरा येत आहेत. क्रमांक अकरा यांनी बाकावर बसताना मुखपट्टी नाकावर घ्यावी. हनुवटीला संसर्ग होत नाही."

आपण हरलो. शिट्टी होताच चिरंजीव थेट माझ्या खिडकीखाली आले. सहा फुटांचे अंतर राखून, मुखपट्टी बांधून, ओरडले, "बाबा! हुर्यो कुणी केली?"

"मीच. पाचवं बटण."

"आपल्याच पोराची?"

"तो खोटं पडला होता."

"मीच सांगितलं होतं पडायला! वेळ काढायचा होता. एक गुण आला असता पदरात!"

"मग ती हुर्यो तुला होती, असं समज."

चिरंजीवांनी विचारले, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे आहात हो?"

"मी कोणाच्याही बाजूचा नाही. जे अचूक असेल त्याला टाळी."

"माहीत आहे! मला नका सांगू! अकरा वर्षांचा होतो. वसतिगृहातून तुम्हाला पत्र पाठवलं होतं. ते तुम्ही लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलंत. पोरं आठवडाभर हसत होती."

"त्यात सतरा चुका होत्या," मी म्हणालो. संख्या मला चांगली आठवते.

"अठरा!" चिरंजीव ओरडले. "एक तुमच्या नजरेतून सुटली! गेली एकतीस वर्षं मी कुणाला सांगितलं नाही!"

एवढ्यात वायरमन धापा टाकत जिना चढून आला आणि दारातूनच खुणा करू लागला. लाल बटण दाबलेलेच होते. ते सुरू करण्यासाठी एकदा दाबतात आणि बंद करण्यासाठी पुन्हा दाबतात. दुसरा भाग मला कोणी सांगितला नव्हता. आमचा संवाद चारही भोंग्यांवरून आणि घरोघरीच्या मोबाइलवरून प्रक्षेपित झाला.

पाहुण्यांचे प्रशिक्षक जाताना मला म्हणाले, "टाळ्यांबद्दल आभारी आहे. पण साहेब, मुलाशी जरा बोला."

घरी सौ.ने ताट वाढले. मग स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतले.

२० सप्टेंबर, रविवार

झोप नीट लागली नाही. एकेचाळीस वर्षांत माझ्या हातून सुटलेली चूक कोणी दाखवून दिली, असे दोनदाच झाले होते. हे तिसऱ्यांदा, आणि तेही अकरा वर्षांच्या मुलाकडून.

सकाळी सौ.ला विचारले, ते पत्र कुठे असेल? तिने शिवणाचा डबा आणला. बटणे, रिळे, कात्री यांच्या तळाशी पत्र होते. वसतिगृहातून परत आणलेल्या पेटीत तिला सापडले होते म्हणे.

भिंग घेऊन बसलो. तीन वेळा वाचले. सतरा. चौथ्यांदा, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचले, कारण उलटे वाचताना अर्थ आड येत नाही आणि चूक चटकन दिसते. सतराच.

"सापडली?" सौ.ने विचारले.

"नाही. मोजण्यात त्याचीच गफलत झाली असावी."

"पत्रात काय लिहिलंय?"

मी सांगू लागलो की दुसऱ्या ओळीत दोन, चौथीत तीन...

"चुका नाही हो. काय लिहिलंय?"

मला सांगता आले नाही. मग पाचव्यांदा वाचले, सुरुवातीकडून शेवटाकडे. मजकूर येथे उतरवतो (दुरुस्तीनंतरचा):

'बाबा, मी बरा आहे. काल मी पहिला गोल केला. चेंडू आधी खांबाला लागला आणि मग आत गेला, पण तोही गोलच धरतात. पुढच्या रविवारी घरच्यांना सामना बघायला येऊ देणार आहेत. तुम्ही याल का? बस थेट येते, मध्ये बदलावी लागत नाही, मी विचारून ठेवले आहे.'

खाली माझ्या हातची लाल अक्षरे: 'विरामचिन्हांकडे लक्ष द्यावे.'

'तुम्ही याल का' यापुढे त्याने काहीच चिन्ह दिलेले नव्हते. प्रश्नचिन्ह मी घातले होते. म्हणजे तो प्रश्न आहे हे माझ्या लक्षात आले होते. उत्तर दिल्याचे आठवत नाही.

सौ.ला विचारले, आपण त्या रविवारी गेलो होतो काय?

"मी गेले होते," ती म्हणाली. "बस थेट होती."

अठरावी चूक सापडली नाही ती नाहीच.

२३ सप्टेंबर, बुधवार

चिरंजीवांना फोन केला. पहिल्यांदाच मी केला, एरवी सौ. करते. "शनिवारी मी यायचं की वायरमन बसेल?"

ते म्हणाले, "वायरमनला कॅमेरा आहे बाबा. या तुम्ही. फक्त पाचवं बटण दाबू नका. हात जोडतो."

"खोटं पडायला सांगणार नसशील, तर नाही दाबणार."

"नाही सांगणार," ते म्हणाले. "पडायचीसुद्धा लाज वाटते आता पोरांना. तुमच्या कृपेनं."

हा करार उभयपक्षी मान्य झाला.

शनिवारसाठी मी एक नवा नियम ठरवला आहे. चूक दिसल्यास कोणतेही बटण नाही. प्रयत्न दिसल्यास टाळ्या. हा नियम माझ्या स्वभावाविरुद्ध आहे. सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, "चिकटपट्टी नाकाला लावलीत आणि परिणाम डोक्यापर्यंत गेला."

२६ सप्टेंबर, शनिवार

शेवटचा सामना. आपल्यामागचा-पुढचा हिशेब वायरमनने चार वेळा समजावला. सार इतकेच की आज हरायचे नाही. बरोबरी चालेल. हरलो की संघ खाली आणि चिरंजीव घरी.

मी नियमाप्रमाणे प्रयत्न शोधू लागलो. शोधायला गेल्यावर ते फारच निघतात. बचावपटू धावत जाऊन चेंडू बाहेर मारतो: टाळ्या. सात क्रमांक खरोखर पडतो आणि खरोखर उठतो: टाळ्या. खांब गोलखांबाला पाठ लावून हातमोजे घट्ट करतो: तयारी हादेखील प्रयत्नच आहे, टाळ्या. या संघाला अशी सवय नसावी. पहिल्या काही टाळ्यांना ते वळून पाहत होते, की कोणी दुसरे आले काय. नंतर सवय झाली आणि पळू लागले.

मध्यंतरात वायरमनचा फोन. "काका, बटणावर बसलात की काय? यंत्र तापतंय! सलग दहा सेकंदांच्या वर दाबायचं नाही, सांगितलं होतं ना?"

सांगितले नव्हते. पण मी वाद घातला नाही. दोन क्रमांकाचा गडी तेव्हा बूट बांधत होता आणि मनापासून बांधत होता.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला यंत्रातून जळका वास आला, 'चट्' असा आवाज झाला आणि टाळ्या मध्येच तुटल्या. सहाही बटणे दाबून पाहिली. मृत. मैदानावर अशी शांतता पसरली की गवतावरच्या बुटांचा आवाज वरपर्यंत येऊ लागला. दोन्ही संघ शून्यावर होते. महामारीत मी घरी पुष्कळ शांतता ऐकली आहे. हिच्याइतकी जड नव्हती. माझ्या औदार्यानेच संघ उघड्यावर पडला होता.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला पंचांनी आपल्याविरुद्ध पेनल्टी दिली. निर्णय योग्य होता. मी प्रथमच अशी इच्छा केली की तो नसता.

चेंडू ठेवला गेला. चिरंजीव खाली बाकाजवळ उभे होते, दोन्ही हात डोक्यावर. खांब गोलरेषेवर उभा राहिला आणि त्याने, कोण जाणे का, वर माझ्या खिडकीकडे पाहिले. यंत्र बंद आहे हे त्याला कोणी सांगितले नसावे. टाळीची वाट पाहत होता.

पुढचे सर्व दोन सेकंदांत झाले. लाथेचा आवाज आला. खांब हलला. मी त्याला इतका हललेला पाहिला नव्हता. चेंडू त्याच्या बोटांना लागला, मग गोलखांबाला लागला, आणि बाहेर गेला.

तेव्हा मैदानात टाळ्या ऐकू आल्या.

यंत्र सुरू झाले असे समजून मी त्याच्याकडे पाहिले. दिवा विझलेलाच होता. मग ध्यानात आले की हात माझे आहेत. मी उभा होतो, खिडकी उघडी होती आणि मी काहीतरी ओरडतही होतो. वायरमनच्या सांगण्यानुसार ते "अरे वा रे पठ्ठ्या! वा रे माझ्या पोरा!" असे होते. त्यात क्रियापद नव्हते. शिवाय पोर कोणते, हेही स्पष्ट होत नाही. खांब माझा कोणीच लागत नाही.

एका माणसाच्या टाळ्या रिकाम्या मैदानात अगदीच केविलवाण्या वाजतात. तरी शिट्टी होईपर्यंत थांबलो नाही. बरोबरी. संघ राहिला. चिरंजीव राहिले.

खेळाडू एकमेकांना कोपरे लावून नाचत होते. चिरंजीव त्यांच्यात गेले नाहीत. वर खिडकीकडे पाहत राहिले. मग त्यांनी मुखपट्टी नाकावरून वर ओढली आणि थेट डोळ्यांवर घेतली, आणि तसेच उभे राहिले. मुखपट्टीचा हा प्रकार माझ्या नोंदींत यापूर्वी आढळत नाही. नाक, तोंड दोन्ही उघडे. तरीही नोंद करावीशी वाटली नाही.

दुसरी नोंद मात्र करणे भाग आहे. चिकटपट्टी माझ्या गालावर लोंबत होती. वहीच्या चौथ्या पानाच्या तळाशी लिहिले: मी स्वतः: मुखपट्टी हनुवटीखाली, एकदा, अंदाजे चार मिनिटे.

२७ सप्टेंबर, रविवार

चिरंजीवांना पत्र लिहिले. विलगीकरणाचा आठवडा उरला असल्याने वायरमनच्या हाती वसतिगृहावर पाठवले. कच्चा मसुदा तीनदा तपासला. अखेर एवढेच उरले:

'तुझे पत्र मिळाले. उत्तरास विलंब झाला. येईन. पुढच्या हंगामात यंत्र नसले तरी येईन. चेंडू खांबाला लागून आत गेला तरी गोल धरतात, हे आता मला ठाऊक आहे. बाहेर गेला तर काय, तेही काल पाहिले.'

खाली पूर्ण नाव, आणि 'निवृत्त मुख्य मुद्रितशोधक'.

सौ.ने पाकीट चिकटवण्याआधी वाचायला मागितले. वाचून शिवणाच्या डब्याकडे गेली आणि बराच वेळ दोरा शोधत राहिली. काही शिवायचे नव्हते.

३० सप्टेंबर, बुधवार

पत्र परत आले. तेच पत्र, लाल शाईने तपासलेले.

मी धास्तावूनच उघडले. मजकुरात एकही खूण नाही. तळाशी समासात लिहिले आहे: 'अठरावी दुरुस्त झाली.' कोणती, हे मला अजूनही दिसलेले नाही. सौ.ला विचारले तर म्हणते, झाली ना दुरुस्त, मग आता शोधू नका.

दुरुस्ती एकाच ठिकाणी आहे. माझे पूर्ण नाव आणि हुद्दा सरळ, नीटस रेघ मारून खोडला आहे आणि त्याच्या वर, जागा सोडून, सुवाच्य अक्षरात घातले आहे: 'बाबा'.

मी ती भिंगाखाली पाहिली. दुरुस्ती बरोबर आहे. मान्य.